दगडाखालची ठिपक्यांची पाल नेमकी कोण? लेपर्ड गेकोचं वर्गीकरण कसं लावायचं

पावसाळा तोंडावर आला की व्हॉट्सअॅपवर दरवर्षी तोच फोटो फिरायला लागतो. पिवळसर अंग, त्यावर काळपट पट्टे नाहीतर ठिपके, गाजरासारखी जाड शेपूट, आणि खाली प्रश्न, की हे घोरपडीचं पिल्लू आहे का, चावलं तर माणूस पाणी मागत नाही म्हणतात, मारायचं का सोडायचं. तर पहिल्यांदा हे उत्तर घ्या: मारू नका, ती पाल आहे, आणि जगातली एकही पाल विषारी नाही. बहुतेक वेळा ही आपल्या पश्चिम भारतातली लेपर्ड गेको असते, शास्त्रीय नाव युब्लेफॅरिस फुस्कस, गुजरात-महाराष्ट्राच्या कोरड्या माळरानावर, खडकाळ टेकड्यांवर, काटेरी झुडपांच्या रानात राहणारी. दिवसभर बिळात नाहीतर दगडाच्या कपारीत, रात्री बाहेर.

पण "बहुतेक वेळा" म्हणून सोडून द्यायचं नसेल आणि हिला फुस्कस का म्हणायचं, पाकिस्तान-अफगाणिस्तानकडची, जगभर पाळली जाणारी मॅक्युलॅरिअस का नाही, घरातल्या पालीशी हिचं नातं किती जवळचं, हे स्वतः ठरवायचं असेल तर त्याला एक क्रम आहे. तो मी चुका करत करत शिकलो, म्हणून लिहून ठेवतोय. सगळ्यात मोठी चूक आधीच सांगतो, रंगापासून सुरुवात केली होती. लोक करतात तशीच.

आधी शब्दांचा घोळ

मराठीत या विषयावर काहीही वाचायला घेतलं की जाती आणि प्रजाती यात पाय अडकतो. शाळेच्या पुस्तकात उतरंड अशी असते: सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती. म्हणजे तिथे प्रजाती म्हणजे जीनस आणि जाती म्हणजे स्पिसीज. आणि पेपरात बातमी येते "पालीची नवी प्रजाती सापडली", तिथे मात्र त्यांना स्पिसीज म्हणायचं असतं. दोन्हीकडे लोक बरोबर समजून घेतात पण मुळात शब्द एकच आणि मजले दोन, त्यामुळे मी इथे सरळ जीनस आणि स्पिसीजच लिहिणार आहे, भाषेच्या लोकांनी माफ करावं.

आपल्या बोलीतलं वर्गीकरण तसं वाईट नाही हां. पाल, सरडा, सापसुरळी, घोरपड ही चार नावं ज्याने ठेवली त्याची नजर चांगली होती, कारण शास्त्रातही ही चार वेगवेगळी घराणीच आहेत. गडबड होते ती फक्त या पालीपाशी, कारण ही भिंतीवर चढत नाही, जमिनीवर पोट उचलून चालते, डोळे मिचकावते, म्हणून माणसाला ही पाल वाटतच नाही. मग ती घोरपडीच्या खात्यात जाते.

बघायला जाताना

सोबत काय लागतं? बरा टॉर्च, मोबाईल, वही आणि घोट्याच्या वर येणारे बूट. बूट मी गंमत म्हणून लिहीत नाहीये, जिथे ही पाल असते तिथेच फुरसं असतं, त्याच दगडाखाली, त्याच वेळेला, आणि ते मातीत असं मिसळून बसतं की टॉर्चमध्ये सुद्धा पटकन दिसत नाही. त्यामुळे दगडाखाली हात घालायचा नाही. दगड उलटवायचाच नाही हे उत्तम, उलटवलाच तर होता तसाच परत बसवायचा, कारण त्याखालची गार ओलसर जागा हे या कोरड्या मुलखात त्या प्राण्याचं सगळं घर असतं आणि आपण एका फोटोसाठी ते उघडं टाकून निघून येतो.

पकडायचं तर अजिबात नाही. एक म्हणजे रानातला प्राणी आहे, आणि दुसरं म्हणजे घाबरली की ही शेपूट टाकते. त्या शेपटीत हिचा चरबीचा साठा असतो, खायला नसेल त्या महिन्यांची शिदोरी म्हणा, ती आपल्या हातात तडफडत राहते आणि पाल पळून जाते. शेपूट नंतर परत येते, पण ती कशी येते ते पुढे सांगतो कारण ओळखताना त्याने फसायला होतं.

दोन-तीन फूट अंतरावरून टॉर्चचा झोत थोडा बाजूला धरून बसून राहिलं तरी चालतं. घाई नसेल तर ही पाल आपलं सगळं काम करून देते. एकदा मी एका बांधाच्या कडेला असाच बसलो होतो, ती दगडाच्या फटीतून अर्धी बाहेर आली, थांबली, मग चारही पायांवर अंग उचलून शेपूट हळूहळू डावी-उजवीकडे वळवायला लागली, मांजर उडी मारायच्या आधी करतं ना तशी. समोर एक रातकिडा होता. झडप घातली, दोन-तीनदा चावलं, गिळलं, आणि मग तिने डोळे मिटले. हळू, पूर्ण, दोन्ही. वहीत काय लिहायचं ते तिथेच मिळालं.

डोळा

वर्गीकरण लावायची सुरुवात इथून करा, शेपटीपासून नाही आणि रंगापासून तर नाहीच.

घरातली पाल कधी डोळे मिटताना बघितलीये? नाही बघणार, तिला पापण्याच नाहीत. तिच्या डोळ्यावर एक पारदर्शक पडदा कायमचा बसवलेला असतो, घड्याळाच्या काचेसारखा, धूळ बसली की ती जिभेने चाटून साफ करते. जगातल्या बहुतेक पाली अशाच. लेपर्ड गेकोला मात्र हलणाऱ्या पापण्या आहेत, ती मिचकावते, झोपताना मिटते. आणि हिच्या जीनसचं नावच त्यावरून पडलंय, ग्रीकमध्ये यु म्हणजे चांगला, खरा, आणि ब्लेफॅरॉन म्हणजे पापणी. खऱ्या पापणीची, असं नाव.

आता कोणी म्हणेल सरड्यालाही पापण्या असतात की. असतात, सापसुरळीलाही असतात, घोरपडीलाही असतात. म्हणून डोळ्यात अजून एक गोष्ट बघायची, बाहुली. हिची बाहुली उभी, टॉर्च पडला की बारीक चीर होते. सरडा आणि घोरपड दिवसाचे प्राणी, त्यांची बाहुली गोल. तेव्हा पापणी अधिक उभी बाहुली अधिक मऊ, दाणेदार कातडी, हे तिन्ही एकत्र दिसलं की घराणं जवळपास पक्कं. सापसुरळी चकचकीत असते, तेल लावल्यासारखी, खवले एकमेकांवर चढलेले, ती इथेच बाद होते. घोरपडीचं पिल्लू कितीही पट्टेदार असलं तरी जीभ सापासारखी दुभंगलेली बाहेर काढतं. पालीची जीभ मांसल, रुंद, दुभंगलेली नसते. एवढं एक जरी लोकांनी बघितलं तरी कितीतरी पाली वाचतील.

बोटं

दुसरं बोटं. भिंतीवर चढणाऱ्या पालीच्या बोटांखाली रुंद गाद्या असतात, त्यावर आडव्या पट्ट्या, आणि पट्ट्यांवर डोळ्याला न दिसणारे अतिसूक्ष्म केस, त्या केसांचा आणि भिंतीचा अणूंच्या पातळीवरचा ओढा म्हणजेच व्हॅन डर वाल्स बल, त्याने ती छताला उलटी चिकटते. चिकटा वगैरे काही नसतो तिथे. लेपर्ड गेकोची बोटं साधी, बारीक, टोकाला नखं, गाद्या नाहीत. काचेवर ठेवली तर घसरेल. मातीत, दगडावर चालायला आणि बीळ उकरायला एवढं पुरतं.

पण इथे सावध, कारण नुसत्या बोटांवर निकाल दिला तर हमखास चुकतो. महाराष्ट्रात अजून एक जमिनीवरची पाल आहे, सर्टोडॅक्टिलस डेक्कनेन्सिस, लहानखुरी, तपकिरी, अंगावर फिक्या पिवळ्या रंगाचे आडवे पट्टे, तिलाही गाद्या नाहीत आणि तीही रात्री पालापाचोळ्यात, दगडांत फिरते. पहिल्यांदा फोटो बघणारा तिला लेपर्ड गेकोचं पिल्लूच म्हणतो. फरक कुठे? डोळ्यात. तिला पापणी नाही. म्हणजे ती घरातल्या पालीच्या कुळातली, गेकोनिडीची, आणि बोटं सारखी असली तरी लेपर्ड गेकोशी तिचं नातं लांबचं. सर्टोडॅक्टिलस हे नाव जरा लक्षात ठेवा, पुढे परत येणारे.

शेपूट, कातडी आणि पोटाखालची गोष्ट

मूळ शेपूट जाड, कड्याकड्यांची, टोकाकडे निमुळती. तुटून परत आलेली शेपूट आखूड, फुगीर, सलगमासारखी आणि कडी नसलेली, आणि रंगही वेगळाच, बऱ्याचदा विस्कटलेले ठिपके. कित्येक जण याच शेपटीला बघून वेगळी जात आहे म्हणतात, काही जण दोन तोंडांची म्हणतात कारण ती डोक्याएवढी जाड दिसते. म्हणूनच अभ्यासक लांबी मोजताना नाकाच्या टोकापासून गुदद्वारापर्यंतच मोजतात, शेपूट वेगळी लिहितात. तुम्हीही अंदाज द्यायचा तर तसाच द्या, शेपूट धरून वीतभर असं लिहिलं तरी शेपूट मूळची का नवी हे सोबत लिहायचं.

कातडीवर बारीक दाण्यांसारखे खवले आणि मधूनमधून मोठे उंचवटे असतात. उंचवटे टोकदार आहेत का सपाट, त्यांच्यामध्ये मोकळी जागा किती, बोटांखालच्या पट्ट्या गुळगुळीत आहेत का त्यावर परत बारीक दाणे आहेत, नराच्या मागच्या पायांमध्ये, गुदद्वाराच्या पुढे उलट्या व्ही सारखी छिद्रांची ओळ असते त्यात छिद्रं किती, या गोष्टींवर स्पिसीज ठरते. खरं सांगायचं तर यातलं अर्धंअधिक जिवंत प्राण्याला न पकडता दिसत नाही. रस्त्यावर गाडीखाली मेलेली दिसली तर तिच्या पोटाचा, पंजाच्या खालच्या बाजूचा जवळून स्वच्छ फोटो काढा, शेजारी एक नाणं ठेवा मापासाठी. वाईट वाटतं पण असे फोटो फार कामाचे असतात. घरी उचलून मात्र आणू नका.

आता उतरंड

एवढं हातात आलं की वरून खाली उतरायचं. वरचे मजले पटापट: सृष्टी प्राणी, संघ कॉर्डाटा, वर्ग रेप्टिलिया, गण स्क्वामाटा, ज्यात सगळे सरडे, पाली, घोरपडी आणि साप एकत्र येतात. हो, सापही. मगर आणि कासव यात नाहीत.

स्क्वामाटाच्या आत गेकोटा हा गट, म्हणजे सगळ्या पाली, दोन हजारांच्या वर स्पिसीज. आणि गेकोटाच्या आत सात कुळं, त्यात एक तर पाय नसलेल्यांचं आहे, पायगोपोडिडी, ऑस्ट्रेलियाकडचं, ते साप वाटतात पण पाली आहेत. आपल्या घरातली पाल गेकोनिडी कुळातली. लेपर्ड गेको युब्लेफॅरिडी कुळातली. पापणीचा फरक म्हणतोय तो नेमका इथे येऊन बसतो, कुळाच्या मजल्यावर.

या कुळाची गंमत अशी की ते एकदा वर चढलं, मग खाली उतरलं, परत वर गेलं. ब्रिटिश म्युझियममधल्या बूलेंजर यांनी १८८३ साली याला स्वतंत्र कुळ केलं. नंतर विसाव्या शतकात, विशेषतः क्लूग या अभ्यासकाच्या १९६७ च्या कामानंतर, हे गेकोनिडीच्या आतलं उपकुळ म्हणून धरायला लागले, युब्लेफॅरिनी. आणि त्याच क्लूग यांनी १९८७ मध्ये परत कुळाचा दर्जा दिला. त्यामुळे तुम्हाला जुन्या पुस्तकात "कुळ गेकोनिडी, उपकुळ युब्लेफॅरिनी" दिसलं तर छापायची चूक समजू नका, पुस्तकाचं साल बघा. पाल तीच आहे, माणसांनी कपाट बदललं. मी सुरुवातीला दोन पुस्तकं समोर ठेवून अर्धी रात्र घातली होती यात, कोण बरोबर म्हणून, आणि दोन्ही आपापल्या काळात बरोबर होती.

या कुळात सहा जीनस आहेत आणि ते जगात विचित्र पसरलेत: आपल्याकडचा आणि पश्चिम आशियातला युब्लेफॅरिस, आफ्रिकेत हेमिथेकोनिक्स आणि होलोडॅक्टिलस, अमेरिकेत कोलिओनिक्स, चीन-व्हिएतनाम-जपानकडे गोनिउरोसॉरस, आणि आग्नेय आशियाच्या जंगलात एलुरोस्कॅलॅबोटस. म्हणजे आपल्या माळावरच्या पालीचा भाऊबंद टेक्ससच्या वाळवंटात डोळे मिचकावत बसलाय. जीनस युब्लेफॅरिस ठेवला जॉन एडवर्ड ग्रे यांनी, १८२७ मध्ये.

नाव कसं वाचायचं, आणि कंस का महत्त्वाचा

हा भाग लोक सोडून देतात आणि माझ्या मते सगळ्यात जास्त माहिती इथेच असते. शास्त्रीय नाव पूर्ण लिहितात तेव्हा मागे माणसाचं नाव आणि साल असतं. ज्याने त्या स्पिसीजचं पहिल्यांदा वर्णन केलं तो, आणि ते छापलं ते साल.

पाकिस्तान-अफगाणिस्तानकडची जी लेपर्ड गेको, जी जगभर लोक पाळतात, तिचं नाव असं लिहितात: युब्लेफॅरिस मॅक्युलॅरिअस (ब्लिथ, १८५४). आणि पूर्व भारतातली युब्लेफॅरिस हार्डविकी ग्रे, १८२७. एकीत कंस आहे, एकीत नाही. हा कंस सजावट नाही. कंस असेल तर समजायचं की वर्णन करणाऱ्याने हिला दुसऱ्याच जीनसमध्ये टाकलं होतं आणि नंतर कोणीतरी उचलून इकडे आणलं. कंस नसेल तर पहिल्या दिवसापासून याच जीनसमध्ये आहे.

ब्लिथ म्हणजे एडवर्ड ब्लिथ, कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या म्युझियमचे क्युरेटर. त्यांच्याकडे पंजाबातल्या सॉल्ट रेंजमधून, म्हणजे आत्ताच्या पाकिस्तानातून नमुना आला आणि त्यांनी तिचं नाव ठेवलं सर्टोडॅक्टिलस मॅक्युलॅरिअस. आलं ना परत? सर्टोडॅक्टिलस, म्हणजे वाकड्या बोटांची, मगाशी आपण जिला डोळा बघून बाजूला काढलं तोच जीनस. त्यांच्या मनात काय होतं ते मला माहीत असायचं कारण नाही, पण बारीक बिनगादीची बोटं बघून आपली जी गल्लत होते तशीच गल्लत नावात १८५४ सालापासून बसलेली आहे असं बघून मला फार बरं वाटलं होतं. मॅक्युलॅरिअस म्हणजे ठिपक्यांची.

स्पिसीजच्या नावाचा दुसरा शब्दही असा फोडून बघावा. हार्डविकी हे थॉमस हार्डविक यांच्यावरून, ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतले अधिकारी आणि प्राण्यांचे मोठे संग्राहक. फुस्कस म्हणजे गडद, तपकिरी. सातपुड्यातल्या पालीचं नाव सातपुराएन्सिस, शेवटी एन्सिस आलं की ते ठिकाणावरून असतं, इथे सातपुडा. पूर्व घाटातल्या एकीचं नाव पिक्टस, म्हणजे रंगवलेली. आणि इराणकडच्या एकीचं नाव अँग्रामैन्यू, अँडरसन आणि लेव्हिटन यांनी १९६६ मध्ये ठेवलेलं, पारशी धर्मातल्या अंधाराच्या, वाईटाच्या शक्तीवरून, आता रात्रीची पाल म्हणून ठेवलं असेल, पण बिचारीने काय वाकडं केलं होतं कोणाचं.

मग आपली फुस्कस कशावरून

पश्चिम भारतातल्या या पालीला आधी मॅक्युलॅरिअसच धरायचे. बोर्नर नावाच्या अभ्यासकाने तिला मॅक्युलॅरिअसची उपजाती, म्हणजे त्याच स्पिसीजमधला एक पोटप्रकार, म्हणून फुस्कस हे नाव दिलं, म्हणजे नाव तीन शब्दांचं झालं, युब्लेफॅरिस मॅक्युलॅरिअस फुस्कस. मग १९९७ मध्ये इंद्रनील दास यांनी नमुने तपासून तिला स्वतंत्र स्पिसीज ठरवलं, मधला शब्द गळाला. आता कंसाचा नियम लावून बघा: उपजातीची स्पिसीज झाली तरी जीनस बदलला का? नाही. म्हणून फुस्कसच्या मागे बोर्नर बिनकंसाचा येतो. हे एकदा जमलं की नावं वाचायला मजा येते, नुसतं नाव बघून त्या प्राण्याची बदली झाली का बढती झाली ते कळतं.

सातपुड्याची पाल २०१४ मध्ये झीशान मिर्झा आणि सहकाऱ्यांनी वेगळी काढली, ती मध्य प्रदेश आणि महाराष्ट्राच्या सातपुडा रांगांमधली. पिक्टस २०२२ मधली, आंध्र आणि ओडिशाकडच्या पूर्व घाटातली, तिला आधी हार्डविकी समजत होते, अंगावरची लक्षणं आणि डीएनए दोन्ही ताडून वेगळी केली. म्हणजे हे काम अजून चालूच आहे.

त्यामुळे माझ्या वहीत भारतासाठी पाच नावं आहेत आणि पहिला प्रश्न असतो जागा कुठली. वायव्येला मॅक्युलॅरिअस, गुजरात आणि महाराष्ट्राच्या कोरड्या भागात फुस्कस, सातपुड्यात सातपुराएन्सिस, पूर्व घाटात पिक्टस, त्याच्या वर पूर्व भारतात हार्डविकी. हार्डविकी बघितली की लक्षात राहते, मोठ्या वयातही अंगावर रुंद, काळपट तपकिरी पट्टे तसेच राहतात, ठिपके ठिपके होत नाहीत. बाकी सीमेवरच्या जिल्ह्यातला फोटो असेल, म्हणजे खानदेशातून सातपुड्याकडे चढताना वगैरे, तर नुसत्या फोटोवरून छातीठोक सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. माझ्यावरही.

रंगाने मी कसा फसलो

एका टेकडीवर मला एका महिन्यात दोन पाली दिसल्या. एक लहान, अंगावर रुंद गडद पट्टे आणि मध्ये स्वच्छ पिवळे, अगदी आखून काढल्यासारखे. दुसरी मोठी, पट्टे नाहीत, मळकट पिवळ्यावर नुसते ठिपके. मी उत्साहाने लिहिलं, एकाच टेकडीवर दोन स्पिसीज, आणि चार जणांना पाठवलं पण. त्यातल्या एका जाणत्या दादांनी एवढंच विचारलं, "पिल्लू होतं का रे?" झालं. पिल्लू पट्टेदार असतं, वाढत जातं तसे पट्टे फुटतात, आतून विरळ होतात आणि त्यांचे ठिपके होतात. मधल्या वयातल्या पालीत अर्धे पट्टे अर्धे ठिपके असतात, ती दिसली असती तर मी तिसरी स्पिसीज पण केली असती बहुतेक.

यातलाच दुसरा सापळा इंटरनेटवरचे फोटो. लेपर्ड गेको सर्च केलं की पांढऱ्या, नारंगी, लाल डोळ्यांच्या, एकही ठिपका नसलेल्या पाली येतात. त्या सगळ्या पाळीव मॅक्युलॅरिअसच्या मॉर्फ आहेत, माणसांनी निवडून निवडून जुगवलेले रंग, कुत्र्यांच्या ब्रीड असतात तसं. वर्गीकरणात त्यांना कुठलाही मजला नाही. माळावरच्या पालीशी तुलना करायला त्या कामाच्या नाहीत. मॅक्युलॅरिअसच्या उपजाती म्हणून मोंटानस, अफगानिकस, फॅसिओलॅटस अशी नावं विक्रीच्या जाहिरातीत दिसतात तीही जपून घ्या, नाव खरं असलं तरी समोरच्या डब्यातली पाल कुठून आली ते कोणालाच धड सांगता येत नाही आणि जागा माहीत नसेल तर उपजातीला अर्थ उरत नाही.

नोंद कशी करायची

फोटो चार: डोक्याचा बाजूने, डोळा स्पष्ट, जमलं तर मिटलेला, वरून पूर्ण अंग, शेपूट, आणि पंजा. सोबत तारीख, वेळ, जमीन कशी आहे, मुरूम का खडक का शेताचा बांध, पिल्लू का मोठी, शेपूट मूळची का नवी. नाव आत्ता कुठलं चालू आहे ते रेप्टाइल डेटाबेसवर बघता येतं, तिथे जुनी टाकून दिलेली नावंही सालासकट असतात, वर म्हटलेली सगळी उलथापालथ तिथे ओळीने वाचायला मिळते. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या वेबसाइटवर टाकणार असाल तर लोकेशन ऑब्स्क्युअर करा, म्हणजे नेमकी जागा लपवा, आणि व्हॉट्सअॅपवर तर गावाचं, टेकडीचं नाव टाकूच नका, या पाली चोरून विकणारे लोक आहेत आणि ते फोटोखालचा पत्ता आपल्यापेक्षा नीट वाचतात.

आणि जेवढं दिसलं तेवढंच लिहायचं. पापणी दिसली, बोटं दिसली, पण जागा सीमेवरची आहे आणि पोटाखालचं काही दिसलेलं नाही, तर "युब्लेफॅरिस एसपी." लिहून थांबायचं, एसपी म्हणजे जीनस पक्का, स्पिसीज माहीत नाही. यात कमीपणा काही नाही, शोधनिबंध लिहिणारे लोकही हेच करतात. पापणीही दिसली नसेल तर "गेकोटा" लिहा. माझ्या वहीतली त्या बांधावरची नोंद अशी आहे: रात्री ९.४०, दगडी बांध, मुरमाड जमीन, मोठी, ठिपके, शेपूट मूळची कडी असलेली, बाहुली उभी, रातकिडा खाल्ला, डोळे मिटले, युब्लेफॅरिस फुस्कस. आणि त्याच्या वरच्या पानावर, त्या दोन स्पिसीजवाल्या उत्साहाच्या ओळीवर काट मारून, बाजूला लिहिलंय, पिल्लू.